अक्कलदाढ, भूल आणि होरेस वेल्स

अक्कलदाढ दुखायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय लवंगेचा, दुसरा मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा आणि तिसरा दाढेखाली तंबाखूची चिमूट धरण्याचा. अर्धापूरहून नांदेड पंधरा-वीस किलोमीटरवर, तिथे दंतवैद्यांची कमतरता नाही. नांदेडला आणि लातूरला दंत महाविद्यालयेही आहेत. तरीही गाल सुजून तोंड उघडेनासे होईपर्यंत माणूस थांबतो. पैसा आणि वेळ ही कारणे असतातच, पण बहुतेकांच्या मनात खरे कारण भीतीचे असते. हिरडी कापणार, हाड कोरणार, दाढ फोडून काढणार, हे ऐकूनच अर्धे लोक घरी परततात.

१८४४ सालाच्या आधी ही भीती अगदी रास्त होती. तेव्हा दाढ काढणे म्हणजे रोग्याला खुर्चीत घट्ट धरून ठेवणे, किल्लीसारखे एक हत्यार दाढेत अडकवणे आणि जोर लावून पिळणे. कधी दाढेबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडा निघायचा, कधी दाढ मोडून मूळ आतच राहायचे. भूल नावाचा प्रकार नव्हता. दारू किंवा अफू देत, पण त्याने हात-पाय ढिले पडले तरी दाढेची कळ काही थांबत नसे. आज दाढ काढताना दुखत नाही, याच्या मुळाशी अमेरिकेतला एक तरुण दंतवैद्य आहे. त्याचे नाव होरेस वेल्स. भूल देऊन दाढ काढण्याचा प्रयोग करायचा ठरला तेव्हा त्याने दुसऱ्या कुणाला पुढे केले नाही, स्वतःच खुर्चीत बसला.

वेल्सचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी व्हरमाँट राज्यातल्या हार्टफर्ड गावी झाला. घरची स्थिती चांगली होती. दातांचे काम शिकायला तो १९ व्या वर्षी बोस्टनला गेला. त्या वेळी दंतवैद्यकाचे महाविद्यालय जगात कुठेच नव्हते. पहिले निघाले १८४० साली बाल्टिमोरला. त्यामुळे एखाद्या जाणत्या दंतवैद्याकडे राहायचे, त्याच्या हाताखाली बघून-करून शिकायचे, एवढाच मार्ग होता. दोन वर्षांनी, १८३६ मध्ये, त्याने कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात आपला दवाखाना थाटला. जन्मगाव आणि कर्मभूमी दोन्हींचे नाव हार्टफर्डच, पण गावे वेगळी.

हात हलका, बोलणे मृदू आणि डोके सतत नव्या हत्यारांच्या मागे. गावातली मातब्बर मंडळी त्याच्याकडे येऊ लागली. १८३८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने दातांवर एक छोटे पुस्तक लिहिले. दातांची वाढ, तोंडाचे आजार, आहार आणि तोंडाची स्वच्छता हे त्याचे विषय. त्याच वर्षी एलिझाबेथ वेल्सशी त्याचे लग्न झाले (तिचे माहेरचे आडनावही उच्चाराला जवळजवळ हेच), आणि पुढच्या वर्षी चार्ल्स हा मुलगा झाला. तब्येत मात्र त्याला साथ देत नसे. अधूनमधून आजारी पडून दवाखाना बंद ठेवावा लागे.

त्याच्याकडे शिकायला आलेल्यांत दोन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक जॉन रिग्ज. हिरड्यांतून पू येऊन दात हलू लागण्याच्या ज्या आजाराला आपण पायरिया म्हणतो, त्याला पुढे कित्येक वर्षे रिग्जचा आजार म्हणत, तोच हा रिग्ज. दुसरा विल्यम मॉर्टन. मॉर्टनबरोबर वेल्सने १८४३ मध्ये बोस्टनला भागीदारीत दवाखाना काढला. न गंजणाऱ्या डाकाने जोडलेली कवळी हे त्यांचे खास काम. अडचण अशी की ही कवळी नीट बसवायची तर आधी जुने किडके दात आणि मोडलेली मुळे काढावी लागत. रोग्याला कवळी हवी असे, पण काढण्याची कळ नको असे. गिऱ्हाईक परत जाई. वर्षभरात भागीदारी मोडली, पण दुखू न देता दात काढता आला पाहिजे हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात राहिला.

१० डिसेंबर १८४४ ची संध्याकाळ. गार्डनर क्विन्सी कोल्टन नावाचा एक फिरता व्याख्याता हार्टफर्डला आला होता. त्याचा खेळ हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साईडचा. तिकीट २५ सेंट. प्रेक्षकांतले हौशी लोक पिशवीतून वायू ओढत आणि मग नाचत, गात, हसत, कधी मारामारीवर येत. बाकीचे बघून हसत. या वायूचा शोध जोसेफ प्रीस्टलेने १७७२ मध्ये लावला होता आणि हम्फ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून १८०० साली लिहूनही ठेवले होते की शस्त्रक्रियेत याचा उपयोग होऊ शकेल. ते वाक्य ४४ वर्षे पुस्तकातच पडून होते. डॉक्टरांनी ते वाचले नाही असे नाही. शस्त्रक्रिया म्हणजे वेदना हे इतके गृहीत धरलेले होते की त्याकडे कुणी फारसे लक्षच दिले नाही.

वेल्स पत्नीला घेऊन खेळ पाहायला गेला होता. सॅम्युअल कूली नावाच्या औषधाच्या दुकानातल्या तरुणाने वायू घेतला आणि तो बेभान धावत बाकांवर आदळला. नडगी फुटली, रक्त वाहू लागले. तो जागेवर येऊन बसला तरी त्याला पत्ता नव्हता. वायूचा अंमल उतरल्यावर शेजाऱ्याने दाखवले तेव्हा कुठे त्याला पाय दुखतोय हे कळले. सभागृहात शेकडो माणसे होती. या एका गोष्टीचा अर्थ वेल्सने काढला. खेळ संपल्यावर त्याने कोल्टनला गाठले आणि दुसऱ्या दिवशी वायूची पिशवी घेऊन दवाखान्यात यायला सांगितले.

रात्री तो रिग्जकडे गेला. दोघांनी बसून विचार केला. खेळात लोक थोडासा वायू ओढत आणि नाचू लागत. बेशुद्ध होईपर्यंत तो देण्याचे धाडस कुणी केलेले नव्हते. रोगी मेला तर? तेव्हा असे ठरले की पहिला रोगी वेल्सच असेल. त्याची एक दाढ तशीही त्रास देत होती. अनेक वृत्तांतांत ती अक्कलदाढ असल्याचे लिहिले आहे.

११ डिसेंबरला सकाळी वेल्स आपल्याच दवाखान्यातल्या खुर्चीत बसला. कोल्टनने पिशवी दिली. वेल्स वायू ओढत राहिला, त्याची मान मागे पडली, हात खाली लोंबले. रिग्जने चिमटा लावला, दाढ हलवली आणि उपटली. वेल्स हलला नाही. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला, तोंडातले रक्त थुंकले आणि आपल्याला टाचणी टोचल्याइतकेही दुखले नाही हे त्याने तिथल्या तिथे सांगितले. कोल्टनने त्याला वायू तयार करायची रीत शिकवली आणि तो पुढच्या गावी गेला.

पुढच्या काही आठवड्यांत वेल्स आणि रिग्ज यांनी डझनभराहून अधिक रोग्यांचे दात असे काढले. बहुतेकांना दुखले नाही. वेल्सने या युक्तीचे पेटंट घेतले नाही. हवा जशी सगळ्यांची तशी ही गोष्टही सगळ्यांना मोकळी असावी असे त्याचे मत होते, आणि हार्टफर्डमधल्या इतर दंतवैद्यांना त्याने ती शिकवलीही.

जानेवारी १८४५ मध्ये तो बोस्टनला गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी हे पाहिले म्हणजे सगळ्या शस्त्रक्रियांत याचा उपयोग होईल, असा त्याचा हिशेब. हार्वर्डचे नामांकित शल्यविशारद जॉन वॉरन यांनी त्याला आपल्या विद्यार्थ्यांसमोर बोलायची परवानगी दिली. अवयव कापण्याची एक शस्त्रक्रिया ठरली होती, पण त्या रोग्याने ऐनवेळी नकार दिला. मग दात काढून दाखवायचे ठरले. एक जण पुढे आला, वेल्सने वायू दिला, चिमटा लावला आणि दात निघताना तो माणूस ओरडला. विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, फसवणूक फसवणूक म्हणून गलका केला. त्या माणसाने नंतर सांगितले की फारसे दुखले नाही, दात कधी निघाला तेही नीट कळले नाही. पण ते ऐकायला थांबतो कोण?

चूक कुठे झाली? वेल्सने स्वतःच मान्य केले की पिशवी लवकर काढली गेली. त्यात शास्त्र आहे. नायट्रस ऑक्साईड फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून मेंदूत मिनिटाभरात पोहोचतो, पण श्वास साध्या हवेचा सुरू होताच तितक्याच वेगाने उतरतो. शिवाय तो वेदना कमी करायला चांगला असला तरी पूर्ण बेशुद्ध करायला दुबळा आहे. अगदी निव्वळ वायू दिला तरी प्रत्येक माणूस गाढ बेशुद्ध होईलच याची खात्री नाही, आणि निव्वळ वायू देणे म्हणजे रोग्याचा प्राणवायू तोडणे. म्हणून आज तो नेहमी ऑक्सिजनबरोबर मिसळून, मोजून देतात. वेल्सकडे मोजमाप नव्हते, रोग्याच्या शरीरयष्टीचा हिशेब नव्हता, हाताशी होते डझनभर रोग्यांचे अनुभव. आजच्या नियमाने पाहिले तर त्याने सार्वजनिक प्रयोगाची घाई केली. आणि वॉरनच्या विद्यार्थ्यांनीही एका प्रयोगावरून निकाल देण्याची तितकीच घाई केली.

त्या एका ओरडण्याने वेल्स मोडला. हार्टफर्डला परतल्यावर तो आजारी पडला. फेब्रुवारीत त्याने घर भाड्याने देण्याची जाहिरात दिली, एप्रिलमध्ये आपले सगळे रोगी रिग्जच्या हवाली केले. नंतर दंतवैद्यकी कधी केली, कधी सोडली. मधल्या काळात त्याने गाणाऱ्या कॅनरी पक्ष्यांचे खेळ केले, अंघोळीच्या फवाऱ्याचे पेटंट घेतले. हा माणूस रिकामा बसणारा नव्हता, पण एकाही धंद्यात रमला नाही.

दरम्यान मॉर्टन शांत बसला नव्हता. त्याने ईथर धरले. ईथर वायूपेक्षा कितीतरी ताकदीचे, अंमल लांबणारे, आणि रुमालावर ओतूनही देता येणारे. ३० सप्टेंबर १८४६ ला त्याने ईथर देऊन एका माणसाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबरला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, त्याच डॉ. वॉरन यांच्यासमोर, मानेवरच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. रोगी ओरडला नाही. भूलशास्त्राच्या इतिहासात हाच दिवस मोठा मानतात. मार्च १८४७ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातही ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. म्हणजे बोस्टनहून भारतात यायला या विद्येला पाच महिने लागले.

मॉर्टनने पेटंट घेतले, तेही ईथरचा वास लपवून आणि त्याला भलतेच नाव देऊन. चार्ल्स जॅक्सन नावाचा रसायनशास्त्रज्ञ म्हणू लागला की कल्पना माझी. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने तर १८४२ मध्येच ईथर देऊन शस्त्रक्रिया केली होती, पण ते प्रसिद्ध करायला त्याने १८४९ साल उजाडू दिले. वेल्सने डिसेंबर १८४६ मध्ये हार्टफर्डच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून आपला दावा मांडला आणि तो पॅरिसला गेला. तिथल्या वैद्यकीय संस्थांपुढे त्याने आपली बाजू ठेवली. कीर्तीच्या या भांडणात चौघांपैकी कुणाचेच भले झाले नाही. वेल्सचे तर सर्वांत वाईट झाले.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणले. जानेवारी १८४८ मध्ये वेल्स बायको-मुलाला हार्टफर्डला ठेवून न्यूयॉर्कला एकटाच राहायला गेला आणि त्याने क्लोरोफॉर्मचे प्रयोग सुरू केले. पुन्हा स्वतःवरच. वायूच्या वेळी शेजारी रिग्ज होता, कोल्टन होता. आता बंद खोलीत तो एकटा होता. आठवडाभर रोज हुंगल्यावर क्लोरोफॉर्मने त्याचा कब्जा घेतला. आपल्या ३३ व्या वाढदिवशी, भान सुटलेल्या अवस्थेत, तो रस्त्यावर धावला आणि दोन स्त्रियांच्या कपड्यांवर त्याने तीव्र आम्ल फेकले. पोलिसांनी त्याला तुरुंगात टाकले. अंमल उतरल्यावर आपण काय केले हे त्याला कळले. लोकांच्या वेदना थांबवायला निघालेल्या माणसाच्या हातून हे घडले होते. २४ जानेवारी १८४८ रोजी त्या तुरुंगातच त्याने स्वतःचे आयुष्य संपवले.

पॅरिसच्या वैद्यकीय संस्थेने शस्त्रक्रियेत वायूने भूल देण्याचा पहिला मान वेल्सचा असल्याचे ठरवून त्याला मानद पदवी दिली होती. ती बातमी घेऊन येणारे पत्र अमेरिकेत पोहोचले तेव्हा तो जिवंत नव्हता. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने १८६४ मध्ये त्याला हा मान दिला, वैद्यकीय संघटनेने १८७० मध्ये. हार्टफर्डच्या बुशनेल पार्कमध्ये त्याचा पुतळा १८७५ मध्ये उभा राहिला. वायूचे पुनरुज्जीवन मात्र त्या फिरत्या खेळवाल्या कोल्टननेच केले. १८६३ पासून त्याने दात काढण्यासाठी तो पुन्हा वापरायला सुरुवात केली आणि पुढे न्यूयॉर्कला दवाखाना काढून हजारो दात काढवले.

ज्या क्लोरोफॉर्मने वेल्सचा घात केला, त्याच्याशी मराठवाड्याचाही एक धागा आहे. वेल्सच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी इंग्लंडमध्ये नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची मुलगी दगावली, आणि क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारते की हृदय, हा वाद पन्नास-साठ वर्षे चालला. त्याची सर्वांत मोठी तपासणी झाली हैदराबादला. अर्धापूर, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथल्या वैद्यकीय शाळेचा प्रमुख एडवर्ड लॉरी याने १८८८ मध्ये पहिला आयोग नेमवला. दुसऱ्या, १८८९ च्या आयोगासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे तज्ज्ञ आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वासावर लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे, असा निष्कर्ष निघाला. तो पुढे चुकीचा ठरला: क्लोरोफॉर्म हृदयाची लय अचानक बिघडवू शकते हे १९११ मध्ये दाखवले गेले. श्वासावर लक्ष ठेवण्याची शिकवण मात्र टिकली.

दातांसाठी खरा मार्ग निघाला वेगळ्याच बाजूने. सगळ्या माणसाला बेशुद्ध करण्यापेक्षा तेवढी जागा बधिर करावी. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेनची सुई देऊन अर्धा जबडा बधिर केला. तेही स्वतःवर प्रयोग करत होते आणि त्यांनाही कोकेनचे व्यसन जडले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. त्याचे व्यसन लागत नाही, परिणाम लवकर होतो आणि तो तास-दोन तास टिकतो. आज तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही दाढ काढण्याआधी दिली जाते ती सुई बहुतेक वेळा याचीच.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा उरलेली नसेल तर ती आडवी किंवा तिरकी अडकते, अर्धी हिरडीखाली राहते. त्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून पू होतो, शेजारची चांगली दाढ किडते. सरळ आलेली, न दुखणारी, घासता येणारी अक्कलदाढ काढायची गरज नसते. अडकलेली काढायची तर आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. दाढेची मुळे नसेच्या किती जवळ आहेत ते त्यात दिसते. मग सुई, हिरडीला छेद, आजूबाजूचे थोडे हाड कोरणे, गरज पडल्यास दाढेचे दोन-तीन तुकडे करून काढणे आणि टाके. दाब आणि हिसके जाणवतात, कळ जाणवत नाही. जाणवली तर हात वर करावा, आणखी औषध देता येते. विशीत हे काम सोपे जाते, कारण हाड लवचीक असते आणि मुळे पूर्ण वाढलेली नसतात.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत आपल्या भागात अजून घट्ट आहे. दाढेची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस या पूर्ण वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. दुसरी अडचण गुटख्याची. महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खाणारे खातातच, आणि सुपारीमुळे गालाच्या आतले आवरण आखडून तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. अशा तोंडात अक्कलदाढ काढणे डॉक्टरांनाही कठीण जाते. दुखऱ्या हिरडीवर गोळी किंवा तंबाखू दाबून ठेवणे ही तिसरी सवय. त्याने हिरडी भाजते आणि आजार आतच राहतो. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर ते सुई देण्याआधीच सांगावे.

दाढ काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्या आधारानेच जखम भरते. म्हणून पहिला दिवस जोराने थुंकू नये, चूळ भरू नये, आणि काही दिवस नळीने पिणे टाळावे. तंबाखू, मशेरी, बिडी निदान आठवडाभर तरी बंद. गुठळी निघून गेली तर हाड उघडे पडते आणि कानापर्यंत ठणका मारतो. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, नंतर उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, ताप आला किंवा ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही गेला नाही, तर त्याच दवाखान्यात परत दाखवावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे.